रजनीताईंनी लिहिलेलं बटण

रजनीताई पडद्याला उत्तर द्यायच्या. ऑफिसात आम्ही सगळे कानाला हेडफोन लावून, मान खाली घालून बसलेले असायचो आणि मध्येच त्यांचा आवाज यायचा, "का रे बाबा? तुला कशाला हवंय?" नवीन माणूस दचकायचा. मग त्याला कळायचं, की कुठल्याशा ॲपने 'तुमचे ठिकाण पाहू द्या' असं म्हटलंय आणि ताई त्याला दारावर आलेल्या विक्रेत्यासारखं उभं करून विचारतायत.

मीही पहिल्या दिवशी हसलो होतो. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "हसू नका, जोशीबुवा. मोठ्यानं वाचलं की वाक्याचा चेहरा दिसतो. मनातल्या मनात सगळीच वाक्यं सभ्य वाटतात." मी तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती, पण जेवणाच्या सुट्टीत पुस्तक घेऊन बसतो म्हणून त्यांनी मला बुवा करून टाकलं, आणि ते नाव शेवटपर्यंत टिकलं.

चिंचवड स्टेशनजवळ खाली हार्डवेअरचं दुकान आणि वर आमचं ऑफिस. परदेशातली एक फार मोठी कंपनी. तिचं ॲप आज बहुतेकांच्या फोनमध्ये आहे. त्या ॲपमधली वाक्यं इंग्रजीतून यायची आणि आम्ही ती मराठीत करायचो. आम्ही कंपनीचे नोकर नव्हतो. मध्ये निखिल सरांची छोटी संस्था होती आणि कुणासाठी काम करतो हे बाहेर सांगायला मनाई होती. मात्र कंपनीच्या मूल्यांविषयीची फिल्म आम्हीच मराठीत केली आणि आम्हालाच ती सक्तीने बघावी लागली. 'आपण सारे एक कुटुंब आहोत' हे वाक्य ताईंच्या वाट्याला आलं होतं. ते त्यांनी तीनदा मोठ्याने वाचलं. "कुटुंब म्हणे," त्या म्हणाल्या. "आणि नाव घ्यायची चोरी. असलं सासर कुणाला मिळू नये."

या कामाआधी कितीतरी वर्षं त्या भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांसाठी मराठी लिहीत होत्या. मशीनची माहितीपुस्तकं, धोक्याच्या पाट्या, बटणांवरचे शब्द. कारखान्यात जाऊन मशीनपाशी उभं राहिल्याशिवाय त्या पाटी लिहीत नसत. 'बंद' असा शब्द लिहायचा असेल तर ऑपरेटरला आधी ते बटण दाबायला लावायच्या, आणि मशीन खरंच थांबतं का ते बघायच्या. "त्या शब्दावर विश्वास ठेवून माणूस हात आत घालतो हो," असं त्या एकदा म्हणाल्या. त्यांनी काहीतरी पाहिलेलं असावं. मी विचारलं नाही.

आमच्याकडे दाबून बघायला काही नव्हतं. पडद्यावर चौकोन यायचा, त्यात एक सुटं वाक्य. ते कुठे दिसणार, त्यानंतर काय होणार, काही कळायचं नाही. ताईंना याचाच सगळ्यात जास्त शीण व्हायचा. मी कधी कंपनीला नावं ठेवली तर मात्र त्या मला थांबवायच्या. "दुष्ट म्हणू नका. दुष्ट माणूस निदान चिडतो, भांडतो. ही चिडत नाही. आपण दमेपर्यंत गोड आवाजात विचारत राहते."

एके दिवशी असाच एक चौकोन आला. फोनमधली सगळी नावं आणि नंबर ॲपला हवे होते. खाली दोन बटणं. एक परवानगी देण्याचं. दुसऱ्यावर इंग्रजीत जे होतं त्याचा अर्थ 'आत्ता नाही, नंतर विचारा' असा होता. ताईंनी दुसऱ्या बटणावर लिहिलं, 'नको'.

मी म्हटलं, "ताई, मूळ इंग्रजीत 'नंतर' आहे."

"दारात आलेल्याला कुणी 'नंतर विचारा' म्हणतं का हो? ज्याला नकोय तो 'नको'च म्हणणार. नाही म्हणायची सोयच ठेवली नाही या लोकांनी. मराठीत तरी ठेवू या."

कंपनीत वर तपासणाऱ्यांपैकी कुणाला मराठी येत नव्हतं. शब्द तसाच पुढे गेला आणि लोकांच्या फोनमध्ये दिसू लागला. त्या दिवशी ताई खुशीत होत्या. सगळ्यांना त्यांनी खालून भजी मागवली.

त्यांचं सासर राजगुरुनगरच्या पलीकडच्या एका गावातलं. धाकटी जाऊ, कमलताई, तिथे शेती बघायच्या. एका दुपारी कमलताईंचा फोन आला. ताईंना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असायचा. त्यामुळे आम्हीही ऐकलं.

"आक्का, तुमच्या त्या फोनला कान न्हाईत का? समदी नावं न् नंबर दे म्हनतो. नको म्हनलं, त्यो गेला. पुन्यांदा आला. परत नको म्हनलं, परत आला. किती येळा नको म्हनायचं मानसानं? दूध काढता काढता एकदाचं व्हय दाबलं, म्हनलं घे बाबा आन् जा."

"मग?" ताई म्हणाल्या.

मग जे झालं ते सांगताना कमलताईंचा आवाज उतरला. ॲपने त्यांच्या फोनमधल्या प्रत्येकाला निरोप धाडला, 'कमल तुम्हाला बोलावत आहे'. त्यात चाकणजवळच्या एका घराचाही नंबर होता. कमलताईंच्या मुलीचा साखरपुडा त्या घरातल्या मुलाशी झाला होता आणि मुलाकडच्यांनी कारण न सांगता लग्न मोडलं होतं. ते लोक आता गावभर सांगत होते, की मुलीची आई निरोप पाठवून गळ घालतेय. पोरीने दोन दिवस जेवण सोडलं होतं.

ताईंनी फोन ठेवला. त्या दिवशी त्या पडद्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी निघताना मला म्हणाल्या, "'नंतर विचारा' असं असतं तर कमलला कळलं असतं, हा परत येणार आहे म्हणून. मी 'नको' लिहिलं आणि तिला वाटलं, संपलं. त्यांचं बटण लबाड होतं, जोशीबुवा. मी ते खोटं करून ठेवलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीला कळवलं. बटणावर 'नको' राहणार असेल तर ॲपने पुन्हा विचारू नये. ते जमत नसेल तर 'नको' काढा, आणि आजवर ज्यांनी तो दाबला त्यांना खरं काय ते सांगा.

निखिल सर धावत त्यांच्या टेबलाशी आले. तो मुलगा मनाने चांगला होता. "ताई, एका शब्दासाठी एवढं नका ताणू. हे काम गेलं तर आपण सगळेच घरी बसू."

"अरे, मी कुठं ताणतेय? मी तर माझा शब्द मागे घ्या म्हणतेय."

"मग गुपचूप घेऊ ना!"

"आणि ज्यांनी दाबला त्यांचं काय, निखिल?"

ताईंच्या यजमानांचं वर्कशॉप बंद पडलेलं होतं आणि घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालत होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. तो म्हणाला, "तुमच्या भल्यासाठी सांगतोय." ते खरंही होतं.

कंपनीच्या बाजूने मेघना नावाच्या बाई कॉलवर आल्या. फार अदबीने बोलल्या. प्रत्येक वाक्याआधी आभार मानले. शब्द आजच बदलू. बटण दाबल्यावर काय व्हावं हा दुसऱ्या विभागाचा विषय, त्यांच्या कानावर घालू. नोंदीसाठी मात्र ही भाषांतरातली चूक म्हणून लिहावी लागेल. रजनीजींना ती मान्य आहे का?

ताई म्हणाल्या, "अर्धी मान्य आहे. माझी अर्धी माझ्या नावावर लिहा. उरलेली अर्धी कुणाच्या नावावर लिहिणार, तेवढं सांगा."

मेघनाबाईंनी पुन्हा एकदा आभार मानले आणि वेळ संपल्याचं सांगितलं.

त्याच संध्याकाळी 'नको' गेला आणि 'नंतर विचारा' आला. बाकी काही झालं नाही. चूक मात्र पूर्ण ताईंच्या नावावर चढली. हळूहळू त्यांच्याकडे येणारे चौकोन कमी झाले. पुढे मराठी वाक्यं यंत्रच लिहू लागलं, आम्ही फक्त तपासू लागलो. माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा यादीत पहिलं नाव त्यांचं होतं. निखिल सरांनी खाली चहाच्या टपरीवर नेऊन त्यांना सांगितलं. सांगताना तोच रडायला लागला. "चहा पी," ताई म्हणाल्या. "निवतोय."

त्यानंतर त्यांना भेटायला मी पुनावळ्याला त्यांच्या घरी एकदाच गेलो. पोटाचं दुखणं अंगावर काढलेलं, ते फार उशिरा कळलं होतं. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. मी अजून तिथेच काम करतो हे सांगताना मला अवघडल्यासारखं झालं. त्यांनी ते ओळखलं. "घर चालवायचं तर कुठंतरी बसावं लागतं हो. मलाही काढलं नसतं तर मी बसलेच असते. राग नाही मला कुणाचा. दमलेय फक्त." ते बटण अजून तसंच आहे का, असं त्या विचारतील म्हणून मी मनात उत्तर जुळवत होतो. त्यांनी विचारलं नाही.

उन्हाळा सरता सरता त्या गेल्या.

तेराव्याला मी त्यांच्या सासरी गेलो. अंगणात मांडव घातला होता, पंगत बसायची होती. तेवढ्यात एक पन्नाशीची बाई एकटीच आत आली, आणि बायकांत कुजबुज झाली. "ही कशाला आली गं?" लग्न मोडलेल्या चाकणच्या त्या मुलाची ती आई होती. कमलताई हातातलं पातेलं तसंच धरून उभ्या राहिल्या.

"तुमच्यासाठी न्हाई आले," ती बाई ताईंच्या हार घातलेल्या फोटोकडे हात करून म्हणाली. "ह्या बाईंसाठी आले."

"त्यांची न् तुमची वळख कुठली?"

"गेल्या साली आल्या व्हत्या माझ्या दारात. एकट्या, भर उन्हाच्या. बसा म्हनलं तर बसल्या न्हाईत. म्हनल्या, 'कमलनं तुम्हाला निरोप धाडलेला नाही. ती कुणाला गळ घालत नाहीये. तिनं नको म्हटलं होतं. ते नको मी लिहिलं होतं आणि ते खोटं निघालं, म्हणून सांगायला आलेय.' मला तवा काय उमगलं न्हाई. म्हनलं, बाई, तुमी कशापायी एवढा तरास घेता? तर म्हनल्या, 'दुसरं कुणी येणार नाही.' पोट धरून उभ्या व्हत्या. पानीसुदिक घेतलं न्हाई."

कमलताईंना यातलं काही माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

त्या बाईने ताईंच्या फोटोला हात जोडले. मग कमलताईंना, पण फोटोकडेच बघत म्हणाली, "आमी लगीन मोडलं तवा तुमाला सांगायला आमच्यातलं कुनी आलं न्हाई. मीबी न्हाई आले."

आणि ती परत जायला वळली. कमलताईंनी पातेलं खाली ठेवलं, पुढे होऊन पंगतीतला एक पाट सरळ केला आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "बसा. पान वाढते."

ती बसली. मी तिच्या शेजारच्या पाटावर बसलो. वाढप सुरू झालं.