एक वाजताची भाकरी

डॉक्टर म्हणाले, सात किलो. सहा आठवड्यांत. मी मान हलवली. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या बाबांनी खिशातलं पेन काढलं आणि तळहातावर सातचा आकडा लिहिला, कारण वही घरी राहिली होती.

आजारी बाबा होते आणि वजन मी उतरवायचं होतं. त्यांचं यकृत निकामी होत चाललं होतं. कधीतरी तरुणपणी झालेली कावीळ आत दबा धरून बसली होती म्हणे. या माणसानं जन्मात दारूला स्पर्श केला नव्हता, पण धायरीतल्या आमच्या सोसायटीत ‘लिव्हर’ हा शब्द ऐकून निम्म्या लोकांनी सोयीचा अर्थ काढला होता. उपाय एकच, जवळच्या कुणाच्या तरी यकृताचा तुकडा. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, आत्याला मधुमेह, आणि मी एकुलती एक. रक्तगट जुळला, तशी मी डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगून टाकलं की मी देते. बाबांना आधी विचारावं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

अडचण पुढच्या तपासणीत निघाली. माझ्या यकृतावर चरबी होती. हिंजवडीत पाच वर्षं खुर्चीत बसून, कंपनीचे फुकटचे सामोसे खाऊन आणि अमेरिकेतल्या क्लायंटचे फोन संपेपर्यंत बिस्किटं चावून ती मी रीतसर कमावली होती. वजन चौऱ्याहत्तर. ते सदुसष्टवर आल्याशिवाय डॉक्टर मला टेबलावर घेणार नव्हते, आणि बाबांकडे फार वेळ नव्हता.

आहारतज्ज्ञ बाईंनी पाच प्रकारचे तक्ते दिले होते. बाबांनी त्यातला एक ठेवला आणि बाकीचे टेलिफोनच्या डिरेक्टरीखाली सरकवले. “रोज तेच खायचं, म्हणजे चूक कुठे झाली ते सापडतं,” असं त्यांचं म्हणणं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. खडकवासल्याला धरणाच्या पाण्याची पातळी वाचून नोंदवायचं काम त्यांनी अनेक वर्षं केलं होतं. एकच जागा, एकच वेळ, एकच माणूस, तरच रीडिंगला अर्थ असतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. एकदा एका साहेबानं पातळी थोडी वाढवून लिहायला सांगितली, तर बाबांनी रजिस्टर त्याच्यापुढे सरकवून ‘आपणच लिहा, अक्षर आपलं चांगलं आहे’ म्हटलं होतं. ही गोष्ट आमच्याकडे पाहुण्यांना सांगितली जायची.

तर आमच्या घरी तसंच सुरू झालं. सकाळी सहाला वजनकाटा न्हाणीघराच्या दारात, त्याच फरशीवर. मी उभी राहायची, बाबा चष्मा लावून वाकून आकडा वाचायचे आणि वहीत लिहायचे. मग ते काट्यावर चढायचे आणि मी वाचायची. माझा आकडा खाली यायला हवा होता. त्यांचा वर जायला नको होता, कारण त्यांच्या पोटात पाणी साठत होतं आणि वाढलेला प्रत्येक किलो पाण्याचा असायचा. एकाच पानावर दोन रकाने. 

जेवणही ठरलेलं. सकाळी उकडलेले मोडाचे मूग. दुपारच्या डब्यात ज्वारीच्या दोन भाकरी, दुधीची भाजी, काकडी. संध्याकाळी मुगाचं कढण आणि एक भाकरी. आई गेल्यापासून स्वयंपाक बाबांकडे होता, आजारपणातही तो त्यांनी सोडला नाही. त्यांना स्वतःला मीठ बंद होतं. त्यामुळे संध्याकाळी समोरासमोर दोन ताटं असायची, त्यांचं अळणी आणि माझं बिनतेलाचं. चौथ्या-पाचव्या दिवशी दुधी बघून मला मळमळायला लागलं. तरी खाल्ली. वैशाखी पौर्णिमेला विहारातून खीर आली, ती मी वाटीला हातही न लावता शेजारी देऊन टाकली.

पहिल्या आठवड्यात दीड किलो उतरलं. दुसऱ्यात काही नाही. तिसऱ्यात दोनशे ग्रॅम वाढलं.

मी वेडी व्हायची वेळ आली. ऑफिसात लिफ्ट सोडली, सहा मजले चढायला लागले. कंपनीची बस वडगावच्या पुलाशी थांबायची, तिथपर्यंत चालत जायला लागले. चहा सोडला. टीममध्ये कुणाच्या वाढदिवसाचा केक आला की मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहायची. तरी काटा ढिम्म. तिसऱ्या आठवड्याच्या तपासणीला डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी सभ्य आवाजात विचारलं, “बाहेरचं काही खाणं होतं का?” मी नाही म्हटलं. त्यांनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं. मला इतका अपमान वाटला की रिक्षात मी रडले. बाबा बाहेर बघत होते. ते एवढंच म्हणाले, “शरीर आहे, सरकारी कामासारखं चालायचं. नाही जमलं तर नाही जमलं.”

त्या वाक्याचा मला राग आला. त्यांचं स्वतःचं वजन त्या आठवड्यात दोन किलोंनी वाढलं होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मला तेव्हाच कळायला हवी होती. ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत कडक होते. सकाळी सातला डब्यात भरलेली भाकरी एक वाजता मोडताना आवाज करते, हे कुठल्याही डबा नेणाऱ्या माणसाला विचारा. बाबांची भाकरीही तशीच व्हायची. पण दुसऱ्या आठवड्यापासून ती मऊ राहायला लागली. शेजारच्या टेबलावरची मुलगी एक तुकडा मागून खायची आणि म्हणायची, “युवर डॅड इज टू गुड यार, माझ्या घरी बाईच्या भाकरीची पाटी होते.” मी घरी येऊन बाबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “हात बसला.” मला अभिमान वाटला. एवढ्या ताणात तेवढीच एक गोष्ट बरी चालली होती. आणि दर रविवारी साय घुसळून ते जे तूप कढवायचे, ते बंद झालं होतं. मला वाटलं, दोघांचंही पथ्य, म्हणून बंद केलं असेल.

चौथ्या आठवड्यात आत्या आली. साताऱ्याकडून एसटीनं आली, स्वारगेटला मी तिला उतरवून घेतलं आणि घरी आणलं. त्या दिवशी ऑफिसात मीटिंग लांबली होती, डब्यातली एक भाकरी तशीच उरली होती. आत्या भुकेली होती आणि अन्न टाकणं तिला सहन होत नाही. चहा होईपर्यंत तिनं ती भाकरी चटणीबरोबर खायला घेतली. पहिलाच घास खाऊन ती हसली.

“ही दशमी हाय की गं. साय घालून मळलीया.”

मी म्हटलं, ज्वारीची भाकरी आहे ती, पाण्यातली. आत्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला कोबी दाखवून फ्लॉवर म्हणाले होते. म्हणाली, दादा म्हणजे बाबा शाळेला तालुक्याला चालत जायचा तेव्हा त्यांची आई त्याला हीच बांधून द्यायची, दुधात पीठ मळून, सायीचा गोळा घालून, म्हणजे दिवसभर मऊ राहते आणि पोटाला आधार होतो. “त्यालाच येती आमच्यात अशी,” असंही म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेले. फ्रीजमधलं सायीचं पातेलं काढलं. ते बोटानं निपटून घेतल्यासारखं स्वच्छ होतं. मुगाच्या कढणाच्या भांड्याला नाक लावलं, त्यालाही लोण्याचा वास होता. बिनतेलाचं, बिनतेलाचं म्हणत मी दुसऱ्या आठवड्यापासून साय खात होते.

बाबा आतल्या खोलीत पडून होते. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला. मला वाटलं होतं ते काहीतरी सांगतील, निदान नजर चुकवतील. त्यांनी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“रीडिंग मी रोज खरं लिहिलंय,” ते म्हणाले. “भाकरीचं कुणी विचारलं नव्हतं.”

मी आयुष्यात त्यांच्यावर कधी ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. तुम्ही मरताय, एवढं मात्र मी नक्की म्हणाले, आणि ते माझ्याच हातून करवून घेताय, असंही. आत्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात चहाचा कप तसाच होता.

मी दमेपर्यंत बाबा थांबले. मग म्हणाले, वजन उतरलं नसतं तर डॉक्टरच नाही म्हणाले असते. तुला नाही म्हणावं लागलं नसतं, मलाही नाही. लग्न व्हायचंय तुझं, पोटावर वीतभर टाके घेऊन फिरशील. टेबलावर काही बरंवाईट झालं तर मी ते यकृत घेऊन कुणाकडे बघू?

“मला विचारलंत का?” मी म्हटलं.

“तू विचारलंस?” ते म्हणाले.

 मी आणखी चिडले. मी त्यांना सांगितलं की सोमवारी डॉक्टरांसमोर स्वतःच्या तोंडानं नाही म्हणा. तसं म्हणालात तर दोन्ही वेळा दशमी खाईन, वरून तूप घालून खाईन. तोपर्यंत तुमच्या हातचं काही खाणार नाही.

पुढचे दोन दिवस मीच भाकरी केली. मला येत नाही. पीठ कधी पातळ, कधी भाकरी तव्यावर टाकताना मधोमध तुटायची. आत्या हात पुढे करायची तर मी तिलाही लावू देत नव्हते. बाबा स्टुलावर बसून माझे तुकडे बघायचे. सकाळी सहाला काट्याशी मात्र आम्ही दोघं न चुकता यायचो. त्यांनी माझा आकडा वाचायचा, मी त्यांचा. एवढंच आमचं बोलणं होतं.

सोमवारी डॉक्टरांनी वही बघितली आणि माझ्याकडे वळून म्हणाले की असं असेल तर आपल्याला दुसरा विचार करावा लागेल. मी गप्प बसले. मुद्दाम गप्प बसले. बाबांना खोटं ऐकून घेता येत नाही, हे मला माहीत होतं.

“तिची चूक नाही,” बाबा म्हणाले. “मी भाकरी सायीत मळत होतो. तिला माहीत नव्हतं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.  मग विचारलं, “तुम्हाला ऑपरेशन नको आहे का? नको असेल तर तसं सांगा, तो तुमचा अधिकार आहे.”

मी बाबांकडे बघितलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. ते हो म्हणाले असते तर मी काय केलं असतं, मला अजूनही माहीत नाही.  बाबांना बोलायला इतका वेळ लागला की बाहेरच्या बाईनं पुढच्या पेशंटसाठी दार उघडून परत लावून घेतलं.

“जगायचंय मला, डॉक्टर,” ते म्हणाले. “त्याचीच लाज वाटते.”

डॉक्टरांनी तीन आठवडे वाढवून दिले. बाबांच्या पोटातलं पाणी एकदा सुईनं काढून तेवढा वेळ मिळवला. पुढे वजन उतरलं, अवयवदान मंजूर करणाऱ्या समितीपुढे बसून मी सही केली, ऑपरेशन झालं. नातेवाईक अजून मला त्या दिवसाबद्दल विचारतात, भीती वाटली का वगैरे. खरं सांगायचं तर त्या दिवसातलं मला फारसं काही आठवत नाही. मला आठवतो त्या सोमवारनंतरचा मंगळवार.

सकाळी मी परातीत पीठ घेऊन बसले होते. बाबा स्टुलावरून उठले, माझ्या हातातला गोळा काढून घेतला आणि मला सरकायला सांगितलं. मग पाण्याचा तांब्या उचलून माझ्या नाकासमोर धरला.

“बघून घे. पाणी आहे.”

मी बघितलं. वाकून, नीट बघितलं. त्यांनी पीठ मळलं, भाकरी थापल्या, आणि डबा बांधून दिला. काट्यावरचे दोघांचे आकडे लिहून झाले होते. मी बस पकडली.

त्या दिवशी नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज होता, सगळा मजला धावत होता. एक वाजता मी डबा उघडला. शेजारची मुलगी सवयीनं तुकडा घ्यायला आली, तिनं भाकरीला हात लावला आणि म्हणाली, “आज काय झालं? कडक आहे.”

मी भाकरी मोडली. तिचा आवाज झाला. मी कीबोर्ड बाजूला सारून ती कडक भाकरी दुधीबरोबर चावत बसले, दोन्ही संपवल्या, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते कुणी विचारलं तर काय सांगायचं याचा विचारसुद्धा केला नाही.