आभाळात खड्डं न्हाईत

उडतं विमान नुसत्या तोंडानं जमिनीवर बसवलेला गडी अख्ख्या बारामती-इंदापूर तालुक्यात मी एकलाच. आता खरं सांगायचं तर मला जीपसुद्धा नीट मागं घेता येत न्हाय. पाठीमागं कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हणाया लागतं.

माझं नाव बाळू. शाळेत गेलो, पर भिंतीला चुना लावायला. बारामतीच्या धावपट्टीवर पोरांना विमान शिकवत्यात, तितली जीप माझ्याकडं. तितं इनामदार कॅप्टनसाहेब शिकवायला हुते. मूळ अंथुर्ण्याचे. सारी उमर मोठाली विमानं हाकून उतारवयात गावाकडं आलेले. पोरांशी फाडफाड इंग्रजी, माझ्याशी मात्र आपल्यातलं.

विमानात बसायच्या आधी साहेब त्याच्याभवती एक फेरा मारायचे. बाजारात बैल घेताना पाठीवरनं हात फिरवत्यात, तसा पंखावरनं हात. माझ्या जीपलाबी तोच मान. सकाळी मी अंथुर्ण्याला न्यायला गेलो की घराबाहेर येऊन चारी चाकांना बुटानं टोला.

"बाळ्या, ह्या चाकात हवा कमी हाय."

"साहेब, जाईल की बारामतीपत्तोर."

"आरं, तुला कडंला थांबता तरी येतंय. वर अडलं तर कडंला लावता येत न्हाय."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की घरी बायकोनं भाजीत मीठ कमी घातलं तरी तेच म्हणायचो. ती म्हणायची, "मग जा वर."

पर एकदा का साहेब सीटवर टेकले की गाव सुटायच्या आत घोरणं सुरू. घोरणं कसलं, उसाचा ट्रॅक्टर चढाला लागलाय असं. मला वाटायचं, मोठी माणसं, केवढी गाढ झोप! मधीच आवाज बंद पडायचा. पार बंद. छाती हलायची, पर श्वास न्हाय. मग मी काय करायचो, जीप मुद्दाम खड्ड्यात घालायचो. दणका बसला की "हॅप" करून साहेब श्वास घ्यायचे, आन् ट्रॅक्टर परत सुरू.

आता इतकी हुशारी असलेल्या माणसानं कुणाला सांगावं की न्हाय? मी सांगितलं. पर कँटीनमधी, नक्कल करून. दुपारच्या चहाला पोरं जमली की माझा खेळ. टेबलावर मान टाकायची, ट्रॅक्टर काढायचा, मग गप पडायचं, आन् सगळी बघत ऱ्हायली की "हॅप!" पोरं हसून लोळायची.

एक दिवस "हॅप" केलं आन् कुणी हसंना. डोळं उघडलं तर दारात साहेब. हातात टोपी.

"बाळ्या, परत कर."

"साहेब, चुकलं. पाया पडतो."

"पाया नको. घोरून दाव."

मी घोरलो. असलं रडकं घोरणं जलमात घोरलो न्हाय.

"मधी गप का पडलास?"

"तुमी पडता म्हणून, साहेब."

"किती येळ?"

"खड्डा येईस्तवर."

"आन् खड्डा न्हाय आला तर?"

"आपल्या रस्त्याला? असं हुतं व्हय साहेब?"

तवा ते हसले. पोरंबी हसली. मग साहेब खुर्चीत बसले, टोपी मांडीवर ठेवली आन् बारीक आवाजात म्हणाले, "आभाळात खड्डं न्हाईत, बाळ्या."

लगेच हापिसात जाऊन सांगून आले, आजपासनं मी वर जाणार न्हाय. त्या दुपारचं उड्डाण दुसऱ्या मास्तरांना दिलं.

जीपमधी मी म्हणलं, "साहेब, कुणाला कळतंय? मी तोंडाला कुलूप लावतो."

"तुझ्या तोंडाला कुलूप बसंल असं अजून कंपनीनं काढलं न्हाय." मग म्हणाले, "माझ्या शेजारी कुणाचं तरी पोर बसलेलं असतंय रं. त्याचं ध्यान विमानाच्या काट्यांवर, आन् माझं डोळं मिटलेलं. दोनदा असं झालंय. मी म्हणत हुतो, वय झालं."

पुण्यात डॉक्टरनं रातभर अंगाला वायरी लावून झोपवलं. स्लीप ॲप्निया निघाला. झोपंत गळा मिटतो, श्वास अडतो, जीव दचकून वर येतो, आन् रातभर हेच. माणूस झोपतो, पर झोप हुत न्हाय. मग ती दिवसा नको तितं येती. काळजावरबी ताण. तोंडाला लावायचं मशीन दिलं, हत्तीच्या सोंडंसारखं. साहेबांच्या मंडळी, आमच्या भाभी, म्हणाल्या, "लग्नापासनं पहिल्यांदा मी झोपले."

मशीननं साहेब ताजे झाले. पर काळीज आधीच थकलं हुतं, उडायच्या परवान्याचा कागद काय परत मिळाला न्हाय. ते खाली वर्गात शिकवायचे. विमान उठलं की खिडकीशी जायचे, ठिपका हुईस्तवर बघायचे. फेरा मारायला आता माझी जीपच उरली हुती.

पर जाता-येता जागे असायचे! ढग दावायचे, वारं कुठनं येतंय ते पिकाच्या तुऱ्यावरनं सांगायचे. मला अर्धं कळायचं न्हाय, मी सगळ्याला व्हय म्हणायचो. माझ्या जलमातला सगळ्यात चांगला रस्ता तोच.

गेल्या उन्हाळ्यात साहेब गेले. सकाळी, चहा पिता पिता, जागेपणी. आता रस्ता नवा झालाय, खड्डा औषधाला न्हाय. जीप सुळकन जाती, आन् माझी मान उगंच डावीकडं वळती.

परवा भाभींना भेटाया गेलो. त्यांनी साहेबांच्या खुर्चीत बसवलं, चहा आणते म्हणाल्या. डोळं कवा मिटलं कळलं न्हाय. जाग आली तर चहावर साय धरलेली, आन् भाभी समोर उभ्या, माझ्या छातीकडं बघत.

मी डोळं पुसलं. "साहेबांची आठवण आली, भाभी. म्हणून जरा..."

"आठवण घोरत न्हाय, बाळू. मधी गपबी पडत न्हाय. जीपची किल्ली ठेव हितं, आन् एसटीनं घरी जा."