आरतीत न वाजलेला फोन

सर्जापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मी रविवारी मुलांना मराठी लिहायला शिकवते. माझं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातलं, त्यामुळे मी कानडी वळणाने 'स्वल्प थांब' म्हटलं की पुण्या-नागपूरकडची ही मुलं खुसखुसतात. हसू देत. मला 'अक्का' म्हणायला मात्र ती शिकली आहेत.

दिवाळीला आम्ही मुलांचं हस्तलिखित काढतो. फराळाला जमलेली मंडळी ते उभ्याउभ्या वाचतात, म्हणून मुलांपेक्षा त्यांच्या आयाच ते जास्त मनावर घेतात. गेल्या वर्षी विषय दिला, 'आमच्या घरचा गणपती'. निबंध आले आणि माझं डोकं फिरलं. जवळजवळ प्रत्येक घरी बाप्पा ढोल-ताशांच्या गजरात आले होते. या सोसायटीत ढोलाला बंदी आहे. इथले बाप्पा पार्किंगमधून सर्व्हिस लिफ्टने वर जातात.

"कोणी लिहिलं हे?" मी विचारलं.

"अ‍ॅपने," आठवीतली एक अबोल मुलगी म्हणाली. "पण अक्का, रील्समध्ये पण असंच दाखवतात. सगळ्यांचा गणपती असाच असतो ना?"

प्रश्न काही वाईट नव्हता. मी म्हटलं, "सरी, ठीक आहे, मग तपासून बघा. जे तुमच्या घरी घडलं नाही, ते खोडा." तिच्या पानावर शेवटी एकही ओळ उरली नाही. तिचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण मी काही सुचवलं नाही. सुचवलं असतं, तर अ‍ॅपच्या जागी मी आले असते, एवढंच.

पुढच्या रविवारी तिने नवं पान आणलं. गणपतीच्या आधी बाबांची नोकरी गेली, असं त्यात सरळ लिहिलं होतं. पुढे होतं, "दर वर्षी आरतीच्या मध्येच बाबांचा फोन वाजतो आणि ते बाल्कनीत जातात. या वर्षी फोन वाजला नाही. बाबांना आख्खी आरती पाठ आहे, हे मला या वर्षी कळलं. बाबा जराही घाबरले नव्हते." एवढंच होतं. मी ते पान हस्तलिखितासाठी ठेवून घेतलं.

दोन दिवसांनी तिची आई मला गेटवर भेटली. "अक्का, ते पान प्लीज काढून टाका ना. आम्ही इथे कोणालाच सांगितलेलं नाही. ह्यांच्या ऑफिसमधले निम्मे लोक इथेच राहतात. सगळे वाचतील."

मला रागच आला. आधी मुलीला खरं लिही म्हणायचं आणि लिहिल्यावर फाड म्हणायचं, हे माझ्याच्याने व्हायचं नव्हतं. तरी तिचं भय खोटं नव्हतं. मी म्हटलं, मुलीलाच ठरवू द्या.

वर्गात मी मुलीला सगळं सांगितलं. तिने पान उचललं. म्हणाली, "मी पाहिलं ते लिहिलं, अक्का. पण बाबांना विचारलंच नाही." ही गोष्ट मी शिकवलेली नव्हती. पान घेऊन ती घरी गेली आणि मला वाटलं, संपलं, आता ते परत येत नाही.

पुढच्या रविवारी बाकीची मुलं आपापला लेख सुवाच्य अक्षरात उतरवत होती. ती आली ती बाबांना घेऊनच. ते दारात जरा घुटमळले, मग पान तिच्यापुढे ठेवून म्हणाले, "हस्तलिखितात घ्यायला माझी हरकत नाही. आईशीही बोललोय. फक्त शेवटची ओळ बरोबर नाही."

"कुठली?" तिने विचारलं.

"मी घाबरलो होतो," ते म्हणाले. "खूप."

शेजारच्या मुलांनी माना वर केल्या. मुलीने ती ओळ खोडली, सावकाश, पूर्ण. मग पानावरची नजर न काढता विचारलं, "अजून घाबरता?"

"थोडं."

"तेही लिहू?"

"लिही," ते म्हणाले, आणि एक खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.