कोल्हारला उतरवलेली माळ

सकाळी आठच्या एसटीनं निघालो तेव्हा सुनेला शिर्डीला जातो असं सांगितलं. "नाना, प्रसाद आना," ती म्हणाली. मी मान हलवली. प्रवासाची हकिगत खोट्यापासून सुरू करू नये हे मलाही कळतं. पण हा प्रवासच एका खोट्यापायी करावा लागला आणि ते खोटं बावीस वर्षांचं आहे.

माझं वय एकाहत्तर. कोपरगाव तालुक्यात, गोदावरीपासून दोन कोसांवर आमचं गाव. साखर कारखान्याच्या गेटवर मी अकरा हंगाम वॉचमन होतो आणि नंतर नगरच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत बारा वर्षं सिक्युरिटी गार्ड. आमच्या घराला स्लॅब पडला तो त्या कंपनीच्या पगारावर. धाकट्याचा डिप्लोमाही त्यावरच झाला. ती नोकरी मला कशी लागली, हे गावातल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या पद्धतीनं ठाऊक आहे. खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं. त्यातल्या दुसऱ्याला भेटायला मी निघालो होतो.

कोपरगावच्या स्टँडवर पाव किलो गोडीशेव घेतली (गुळाच्या पाकात घोळवलेली जाड शेव; आमच्याकडे बाजाराला गेलेला माणूस ती घेतल्याशिवाय परतत नाही). बावीस वर्षांपूर्वी याच स्टँडवरून मी आणि सोपान नगरला निघालो होतो, तेव्हाही घेतली होती. कागदाचा पुडा दोघांच्या मध्ये ठेवून खात गेलो होतो.

नगरच्या गाडीत कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं आणि हसला. "बाबा, अजून चार वरसं काढा, मंग सगळं फुकाट. आत्ता अर्धंच."

"अर्धं तर अर्धं," मी म्हणालो.

शिर्डीला निम्मी गाडी उतरली. मी खिडकीतून कळसाच्या दिशेला हात जोडले आणि बसून राहिलो. राहात्याला शेजारच्या जागेवर एक बाई पेरूंची पाटी घेऊन येऊन बसली. बाभळेश्वरच्या अलीकडे उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झालेली होती. ऊस सगळीकडे पसरला होता आणि आसपासची माणसं वाढं (उसाचे हिरवे शेंडे) मोळ्या बांधून जनावरांसाठी नेत होती. तासभर गाडी हलली नाही.

"कोनाकडं चाललाय बाबा?" बाईनं विचारलं.

"जुन्या सोबत्याकडं. कोल्हारला."

तिनं माझ्या हातातल्या पुड्याकडे पाहिलं. "दात हायेत का त्याला?"

मी हसलो. मग लक्षात आलं, मला ठाऊकच नव्हतं. गेल्या वीस-एकवीस वर्षांत मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. बाईनं पाटीतला एक पिकलेला पेरू काढून माझ्या पिशवीत टाकला. "शेव चावली न्हाई तर ह्यो तरी खाईल," ती म्हणाली.

सोपान माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. आम्ही दोघं कारखान्याच्या गेटवर हंगामी होतो. हंगामी म्हणजे गाळप असेपर्यंत काम, धुराडं बंद झालं की घर. उरलेलं अर्धं वर्ष ज्याच्या शेतात मिळेल त्याच्या शेतात राबायचं. नगरच्या कंपनीला गार्ड हवाय असं कळलं तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे पगाराच्याही आधी ते बारा महिने आले. जागा एकच आहे हे मात्र तिथं पोचल्यावर कळलं.

कोल्हार आलं तेव्हा ऊन चढलं होतं. स्टँड बदललंय, पण चहाच्या टपऱ्या तशाच आहेत आणि रस्ता उतरला की प्रवरेचा पूल तसाच दिसतो. त्या दिवशी गाडी इथं दहा मिनिटं थांबली होती. आम्ही चहा घेतला आणि मी सोपानच्या गळ्याकडे बघून म्हणालो, "अरे, माळ काढ ती. मोठ्या कंपनीत गळ्यात काही चालत नाही. कॉलरमधनं दिसंल."

सोपान माळकरी होता. वयाच्या चौदाव्या वर्षी गावच्या बुवांच्या हातून त्यानं तुळशीची माळ घातली होती. मटण नाही, दारू नाही, तंबाखूसुद्धा नाही. माळ काढणं म्हणजे त्याच्या लेखी काय होतं हे मला ठाऊक होतं. तो बराच वेळ चहाचा रिकामा ग्लास धरून उभा राहिला. कोल्हार त्याची सासुरवाडी. कुणी बघू नये म्हणून तो गाडीच्या मागे गेला, माळ काढली, कपाळाला लावली आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. परत आला तेव्हा गळ्याभोवती गोरा पट्टा दिसत होता. बाकी कातडी उन्हानं काळी आणि तेवढाच भाग पांढरा.

मी मुद्दाम तसं सांगितलं होतं का? त्या वेळी नाही. मला खरंच तसं वाटत होतं. पण पुढं त्या कंपनीत मी बारा वर्षं काढली. आमच्यातले दोन गार्ड माळकरी होते आणि रोज माळ घालूनच गेटवर उभे राहत. त्यांना कुणी कधी टोकलं नाही.

एका टपरीवाल्याला सोपानचं नाव सांगितलं. "मंगल कार्यालयाचे वॉचमन ना? पुलाच्या अलीकडं जा. आज लगीन हाय, शिट्टी ऐकू येईल," तो म्हणाला.

चालता चालता मला नगरची ती केबिन आठवत होती. निवड करायला एक निवृत्त सुभेदार बसले होते. आमची उंची मोजली, छाती मोजली, आवारात पळवलं. मग प्रत्येकाला मालाचं एक चलन वाचायला दिलं. मी घडाघडा वाचलं. सोपाननं वाचलं आणि म्हणाला, "साहेब, ट्रकचा नंबर वर एक हाय आन् खाली दुसराच." चूक मुद्दाम ठेवलेली होती. मला ती दिसली नव्हती. जागा कुणाची, हे तिथंच ठरलं होतं.

शेवटी मला एकट्याला आत बोलावलं. सुभेदारांनी विचारलं, "बाहेर बसलाय तो तुमच्याच गावचा ना? सवयी कशा आहेत?"

गार्डाची नोकरी अशीच मिळते. कागद सगळ्यांकडे असतात. शेवटचा शब्द गाववाल्याचा.

मी आजवर स्वतःला सांगत आलो की मी एक शब्दही बोललो नाही. मी अंगठा तोंडाकडे नेला आणि जरासा हसलो. एवढंच केलं. सुभेदारांनी बाहेर पाहिलं. त्यांना सोपानचा गळा दिसला. "माळ काढलेली दिसते," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो. म्हणजे एक शब्द बोललो होतो.

माळ गळ्यात असती तर माझ्या अंगठ्यावर त्यांनी विश्वास ठेवला नसता. माळच त्याची साक्षीदार झाली असती.

सुभेदार बाहेर जाऊन सोपानला सगळ्यांदेखत म्हणाले, "माळ काढून पिणारा माणूस मी गेटवर ठेवत नाही." शेजारच्या गावची दोन पोरं नोकरीसाठी आली होती, त्यांनी ऐकलं. आम्ही गावात पोचायच्या आत ते वाक्य पोचलं होतं. पारावर लोकांनी मला विचारलं, मी गप्प राहिलो. लोक म्हणाले, बघा, दोस्ताची अब्रू झाकतोय. सोपान दुसऱ्या दिवशी पुन्हा माळ घालून घ्यायला बुवांकडे गेला. बुवा म्हणाले, आधी देवापुढं दारूची कबुली दे. जी प्यायलोच नाही तिची कबुली कशी देऊ, असं म्हणून तो परत आला. त्यानंतर भजनात त्याच्या टाळाला जागा राहिली नाही. वर्षाच्या आत बायको-पोरांना घेऊन तो कोल्हारला निघून गेला.

मंगल कार्यालयाच्या गेटवर निळ्या कपड्यातला एक म्हातारा गाड्या लावून घेत होता. "मागं घ्या, अजून मागं. ओ बाबा, सरका, गाडी येतीय!" हे मला उद्देशून होतं. मी सरकलो. गाडी आत गेली. मग त्यानं नीट पाहिलं.

"नाना," तो म्हणाला. "तुमी?"

पूर्वी तो मला तू म्हणायचा.

त्यानं खुर्ची पुढं केली, स्वतः उभाच राहिला. ड्यूटीवर बसत नाही म्हणाला. आत सनई वाजत होती. मी शेवेचा पुडा दिला. त्यानं उघडून एक शेव तोंडात टाकली आणि कडकन चावली. दात होते.

"सोपान, मला तुला काही सांगायचंय. त्या दिवशी केबिनमध्ये..."

"अंगठ्याचं का?"

मी खुर्चीवरून उठलो.

"केबिनीला काच हुती, नाना. मी बाहेर बाकड्यावर बसल्यालो. आपन गेटावरची मानसं, नजर दारावरच असती."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"काय बोलू? तुमी खोटं सांगितलं म्हनून सांगितलं असतं, तर दोगंबी हाकलले असते. एकाला तरी बारा म्हैन्यांचं काम लागलं म्हनलं." त्यानं शिट्टी मारून एक मोटारसायकल बाजूला घेतली. "आन् वाटलं, नाना हाय. आज न्हाई उद्या गावात सांगंल खरं. एक दिवाळी बघितली, दुसरी बघितली."

मी हात जोडले. त्यानं ते खाली केले, प्रेमानं नव्हे. आतून पाहुणे येत होते.

"मला कशाला सांगताय? मला ठावं हाय. गावाला ठावं न्हाई."

"माळ?" मी विचारलं. त्याचा गळा मोकळा होता. पांढरा पट्टा केव्हाच काळा पडला होता.

त्यानं वरच्या खिशाला हात लावला. शिट्टीच्या दोरीमागे रुमालाचं टोक दिसत होतं. "इथले बुवा दोनदा म्हनले, या, घालतो. मी न्हाई म्हनलं. ज्या देवळात न्हाई म्हनले, तिथंच घालनार. न्हाईतर जाईन असाच, बोडक्या गळ्यानं. घरची मालकीन रोज म्हनती, कशापायी हट करता. मी म्हनतो, बाई, ह्यो हट न्हाई. अर्ज हाय, त्यो पडून हाय."

मग म्हणाला, "जेवून जा. लग्नाची पंगत हाय. कार्यालयातनं मानूस उपाशी गेला तर मला बोल लागंल."

अनोळखी लोकांच्या पंगतीत बसून मी बुंदी आणि मसालेभात खाल्ला. पान स्वच्छ केलं. वाढप्यानं विचारलं, "मुलीकडचे का मुलाकडचे?" मी म्हणालो, "वॉचमनकडचा." निघताना सोपान गेटवर होता. पिशवीतला पेरू मी त्याच्या खुर्चीवर ठेवला. त्यानं मला सलाम केला, जसा तो बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला करत होता.

परतीच्या गाडीत जागा मिळाली नाही. बाभळेश्वरपर्यंत उभा राहिलो. एका पोरीनं उठून जागा दिली तेव्हा नको म्हणालो. ट्रॉली उचलली होती. रस्त्यावर चिरडलेल्या उसाचा गोड वास तेवढा उरला होता. शिर्डीला उतरून प्रसाद घ्यावा असं क्षणभर वाटलं. उतरलो नाही.

गावात पोचलो तेव्हा दिवस बुडायला आला होता. पारावर चार माणसं होती. "कुठं गेल्ता नाना?"

"कोल्हारला. सोपानकडं."

"कोन सोपान?" एकानं विचारलं. दुसऱ्याला आठवलं. "आरं त्यो न्हाई का, माळ काढून पेनारा!"

बावीस वर्षांत गाव त्याचं घर विसरलं, त्याचा आवाज विसरलं, उसाच्या फडाला लागलेली आग विझवताना त्यानं हात भाजून घेतला होता तेही विसरलं. एवढं एक बरोब्बर लक्षात ठेवलं.

मी तिथंच बसून सगळं सांगितलं. माळ मीच काढायला लावली, अंगठा मीच उचलला, तो कधीच प्यायला नाही. सगळं ऐकून घेतल्यावर एक जण म्हणाला, "नाना, लई मोठं मन तुमचं. दोस्तासाठी म्हातारपनी सोताच्या अंगावर घेताय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकानं तर विचारलं, "काही पुरावा हाय का पन?"

घरी आलो. सुनेनं प्रसाद मागितला. शिर्डीला गेलो नव्हतो, हे तिलाही सांगितलं. मग वही काढून हे लिहायला बसलो. येत्या एकादशीला भजन सुरू व्हायच्या आधी देवळात हे उभं राहून वाचणार आहे. बुवांच्या जागी आता त्यांचा मुलगा आहे. त्याला तसं सांगून ठेवलंय. तो म्हणाला, वाचा, पण लोक मानतील असं नाही.

ते खरं आहे. नगरच्या त्या केबिनमध्ये मी फक्त अंगठा उचलला होता. तेव्हा पुरावा कुणी मागितला नव्हता.