घरमालकांचा वड

जयपूरभोवतीची सगळी जमीन आपल्या पूर्वजांची होती, असं आमचे घरमालक छातीठोकपणे सांगत आणि त्याच दमात तिच्यातलं काडीभरही आपलं नाही असंही सांगत. दोन्हींवर त्यांचा सारखाच विश्वास होता. ते मीणा. राजेरजवाडे यायच्या आधीपासून त्या डोंगरांत राहिलेले लोक. पन्नासच्या दशकात माझी बदली तिकडे झाली आणि चांदपोल दरवाजाबाहेरच्या त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको राहायला गेलो. अंगणात खुंटी ठोकायची तरी हे गृहस्थ आधी वाकून जमिनीला विचारत आणि उत्तरासाठी जरा थांबत. उत्तर बहुधा नकारार्थी येत असावं, कारण आमची कपडे वाळवायची दोरी शेवटपर्यंत बांधली गेली नाही.

आमेरच्या पलीकडे त्यांच्या गावाची ‘बणी’ होती, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथे कुऱ्हाड न्यायची नाही आणि तिथली काटकीही बाहेर आणायची नाही. एकदा तिथून घरी आल्यावर यांना तळव्यात काटा सापडला, तर दुसऱ्या दिवशी बसने जाऊन तो परत करून आले. कंडक्टरला त्यांनी प्रवासाचं कारणही सांगितलं म्हणे.

एका ज्येष्ठात मी विषमज्वराने अंथरुणाला खिळलो. बायको पार घाबरून गेली होती. वटपौर्णिमा जवळ आली, पण मला सोडून तिला हलता येईना, म्हणून तिने घरमालकांना वडाची एक फांदी आणायला सांगितली. वडाची पूजा अमावास्येलाच झाली, हे त्यांनी तिला समजावलं. आमच्यात ती पौर्णिमेला असते म्हटल्यावर तेही त्यांनी मान्य केलं. पण फांदी तोडायची म्हटल्यावर ते अडूनच बसले. ज्याच्याकडे आयुष्य मागायचं, त्याचाच हात तोडायचा? त्यांना ते काही केल्या पटेना. बायकोला रडू आवरेना. पूजा चुकली आणि यांचं काही बरंवाईट झालं तर, एवढंच ती म्हणत राहिली. ते उठून बाहेर निघून गेले.

पौर्णिमेला सकाळी दारात उंटगाडी उभी होती आणि तिच्यावर गादी अंथरलेली. मला उचलून ठेवायला ते स्वतः पुढे झाले. बायको नको नको म्हणत होती, तर म्हणाले, “बेटी, जिसके वास्ते धागा बाँधोगी, बड़ उसका मुँह तो देख ले.”

हाडं खिळखिळी करत आम्ही बणीत पोहोचलो. मी वडाखाली पडून होतो आणि बायको दोरा घेऊन फेरे घालत होती. किती दिवसांनी तिचा चेहरा शांत दिसला मला. निघताना माझ्या छातीवर पडलेलं पान घरमालकांनी उचललं आणि परत झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवलं.

आठवडाभरात ताप उतरला. औषधाने उतरला, असं डॉक्टर म्हणाले. घरमालक मात्र एक घागर पाणी घेऊन बणीतल्या वडाकडे गेले.

त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आम्हीही कधीच महाराष्ट्रात परतलो. आमच्या गल्लीत अजून वटपौर्णिमेला फांद्या विकायला येतात. बायको घेत नाही. नदीकाठच्या वडापाशी जाते आणि मलाही नेते. सगळ्या बायकांत मी एकटाच पुरुष; त्या तोंडाला पदर लावून हसतात. मी आपला चष्मा काढतो आणि झाडाला नीट दिसेन असा समोर उभा राहतो. त्या वेळी मला घरमालकांची फार आठवण येते.