चिठ्ठी, कडी आणि तात्यांची मोटर

आमच्या कामात किस्से साठतात ते माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे. टाकवत नाहीत आणि कुणाला दाखवायचीही सोय नाही. गोड बोलून, वस्तू देऊन पोरापोरींना नादाला लावणारे लोक असतात, त्यांच्या तावडीतून पोरांना सोडवायचं हे आमचं काम. बारामतीत खताच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस. माणसं तीन: मी, रिटायर्ड मुख्याध्यापिका शिंदे मॅडम आणि ड्रायव्हर बापू. बापू आधी सोमेश्वरनगरला उसाचा ट्रॅक्टर चालवायचे, जीपही तशीच चालवतात. खरी नावं सांगायची नाहीत हा आमचा नियम. म्हणून पुढचं गाव इंदापूर तालुक्यातलं ‘एक गाव’ आणि मुलीचं नाव ‘कोमल’. बाकी सगळं जसंच्या तसं!

*

कुठल्याही गावात गेलं की स्वागत ठरलेलं. “आमच्या गावात असलं काय न्हाय. तुमी निरवांगीला जावा.” निरवांगीला गेलो तर, “हितं कुठं? सणसरला इचारा.” सणसरला चहा झकास मिळाला आणि पत्ता परत निरवांगीचा! म्हणजे आमच्या भागात असला प्रकार कायम शेजारच्याच गावात होतो.

शेवटी बापू वैतागले. “मॅडम, दोन्ही गावांच्या मधी गाडी लावतो. जे काय होतंय ते तितंच होत असंल!”

*

मग त्या ‘एका गावा’च्या शाळेत आम्ही गुप्त तक्रारपेटी बसवली. गुप्त म्हणजे किती गुप्त? सरपंचांच्या हस्ते फीत कापली, पेटीला झेंडूचा हार घातला आणि पेटी टांगली ती मुख्याध्यापकांच्या खुर्चीच्या बरोब्बर वर. किल्ली त्यांच्याच खिशात. तरी महिन्याभरात दोन चिठ्ठ्या आल्या!

पहिली चिठ्ठी: “मुलींच्या संडासाला कडी नाही.”

दुसरी: “डान्स क्लासचा दादा मोबाईल देतो, मग फोटो मागतो. आता पुण्याला एकटी ये म्हणतो. नाही आलीस तर फोटो सगळ्यांना पाठवीन म्हणतो. घरी कळलं तर माझं लग्न लावतील.”

मी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मुख्याध्यापकांना मात्र भलताच उत्साह चढला. “आणा इकडं! मी सगळ्यांची अक्षरं ओळखतो!”

मॅडमनी चिठ्ठी पर्समध्ये टाकली. “सर, अक्षर राहू द्या. कडी बसवा.”

कडी बसली. दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा नववीतली एक मुलगी नळावर मॅडमच्या शेजारी हात धुवायला आली. बराच वेळ धूतच राहिली. मग खाली मान घालून म्हणाली, “मॅडम, कडी बसली. दुसऱ्या चिठ्ठीचं काय झालं?”

ती कोमल.

*

दादा पस्तिशीचा. चौकात त्याचा मोठा फ्लेक्स, ‘युवकांचे प्रेरणास्थान’! खाली शुभेच्छुकांच्या रांगेत आमचे फीत कापणारे सरपंच.

कोमलच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, “लई सज्जन माणूस हाय वो ताई. मान वर करून बघत न्हाय. पोरीला नवा मोबाईल दिला, परत मागितला बी न्हाय.”

शेजाऱ्यानं खोरं नेलं तर संध्याकाळपर्यंत तीन हाका मारणारी ही बाई. नवाकोरा मोबाईल कुणी फुकट देतं, तेव्हा ‘का’ म्हणून विचारायचं तिला सुचलं नाही. मला राग आला होता, पण तिच्यावर तरी किती चिडणार? दादानं आधी आईलाच गुंडाळलं होतं, मग पोरीला.

कोमलचे वडील तात्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ निकाल दिला. “उद्यापासनं शाळा बंद. पाव्हणं बोलावतो बघायला.”

मॅडम म्हणाल्या, “तात्या, उसात डुक्कर शिरलं तर तुम्ही डुक्कर हाकलता, का ऊस उपटता?”

तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “बरं. करा तक्रार. पर गावात पोरीचं नाव फुटलं, तर मग मी कुणाचं ऐकणार न्हाय.”

*

अशा वेळी मुलीचा जबाब घरी घेतात, महिला अधिकारी साध्या कपड्यांत येते. फौजदार बाई आल्याही साध्या साडीत, आमच्याच जीपमधून. अगदी पाहुणीसारख्या! सोबतचा हवालदार मात्र कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये. “मला कुणी सांगितलंच न्हाय,” म्हणाला.

चौकात लोक जमले. बापूंनी खिडकीतून ठोकून दिलं, “तात्यांची मोटर चोरीला गेली विहिरीवरची. चौकशी हाय.”

अर्ध्या तासात तात्यांच्या अंगणात सात शेतकरी हजर. “आमची बी गेलीय. आमची बी लिवून घ्या!” आत कोमल फौजदार बाईंना एकेक मेसेज दाखवत होती आणि बाहेर ओट्यावर शिंदे मॅडम गंभीर चेहऱ्यानं विचारत होत्या, “किती हॉर्सपॉवरची?”

त्या दिवशी एका तक्रारीसाठी गेलो आणि आठ घेऊन आलो.

*

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी दादाला क्लासमधूनच उचललं. चौकातला फ्लेक्स गायब झाला आणि आठवड्यात नवा लागला: ‘गावच्या धाडसी कन्येचा जाहीर सत्कार’. शुभेच्छुक तेच. मध्यभागी फोटोसाठी रिकामा गोल!

सरपंचांचा मला फोन. “ताई, फोटो आन् नाव धाडा. शाल, नारळ, सगळं तयार हाय.”

“नाव सांगता येत नाही. कायदा आहे तसा.”

“अवो पर सत्कारच करायचाय, मारतोय का आमी?”

स्वातंत्र्यदिनी शाळेत झेंडावंदन झालं आणि सरपंचांनी माईक घेतला. “ज्या मुलीनं तक्रार केली, तिनं न घाबरता पुढं यावं.” मुख्याध्यापक लगेच नववीच्या रांगेकडं निरखून बघू लागले. सगळं गाव माना वळवून बघू लागलं. कोमल पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. आता ही पोर रडणार, नाव फुटणार, आणि मग पाव्हणं येणार.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून तात्या उठले. चेहरा लालबुंद.

“ओ सरपंच! सत्कार कसले करताय? माझी मोटर चोरीला गेली, तिचं काय झालं ते सांगा आधी!”

“तात्या, आज कार्यक्रम...”

“कार्यक्रम गेला खड्ड्यात! मोटर कुठं हाय माझी?”

मागून सात जण उठले. “आमची बी! आमची बी!” मग अख्खं मैदान उठलं. सरपंच माईक सोडून हात जोडत फिरायला लागले, नारळ टेबलावरच राहिला आणि पोरं जिलेबी घेऊन घरी पळाली.

परत येताना तात्यांच्या रानाजवळ बापूंनी जीप हळू केली. उसातून पाण्याचा मोठा आवाज येत होता. विहिरीवर मोटर मस्त चालू होती आणि कोमल पाटाच्या कडेला दप्तर ठेवून तोंड धूत होती.

“मॅडम,” बापू म्हणाले, “मोटर सापडली वाटतं. थांबू का?”

मॅडम समोरच बघत होत्या. “चला पुढं. ती चोरीला गेलीय.”