धुक्याची दोन पानं

इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळ्या कादंबरीताई म्हणत. दुपारी यंत्रं थांबली की चादरींच्या घड्या घालायचं काम सुरू होई, आणि त्याबरोबर तिची गोष्टही. घरी वाचलेली कादंबरी ती तिथे रोज थोडी थोडी सांगायची. चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन समोरच्या इस्त्रीवालीच्या. नायिका संकटात सापडली की मधली चादर तशीच ताणलेली राहायची. मग मुकादमीणबाई दटावायची, "तिला वाचवा नाहीतर बुडवा, पण वॉर्डात चादरी पाठवा." आणि स्वतःच ऐकायला जवळ येऊन उभी राहायची.

एका जाडजूड कादंबरीच्या ऐन मध्यावर ताईच्या डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू. घड्या हातांच्या अंगवळणी पडल्या होत्या, त्यामुळे कामाचं अडलं नाही; पण अक्षरं पुसट होत होत पार दिसेनाशी झाली. शस्त्रक्रियेला अवकाश होता. इकडे धुलाईघराचा जीव टांगणीला. एका घरात राहून एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ, त्यांचं पुढे काय होणार?

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. जन्मात त्याने कादंबरी हातात धरली नव्हती. पण संध्याकाळी बायको पुस्तक मांडीवर घेऊन नुसती बसून राहते, हे त्याला बघवेना.

"आण इकडे," तो म्हणाला. "मी वाचतो. पण हसायचं नाही."

त्याचं वाचणं म्हणजे लिफ्टच्या दारावरची सूचना वाचावी तसं. लग्न काय नि मरण काय, सूर एकच. ती ओठ दाबून ऐकायची. दुसऱ्या दिवशी धुलाईघरात मात्र त्याच मजकुराला रंग चढायचा.

एके दुपारी गोष्ट बंदरावर पोचली. थोरल्या भावाने धाकट्याला मिठी मारली, आणि इस्त्रीवालीने चादर खाली केली.

"थांब गं ताई. थोरला तर घरात तापाने पडला होता. बंदरावर गेला कधी? आणि अबोला होता ना त्यांचा?"

"गेला असेल," ताईला एवढंच सुचलं. कोणाचंच समाधान झालं नाही, तिचं तर मुळीच नाही.

घरी येताच तिने नवऱ्याला गाठलं. "अहो, मधलं काही गाळलंत का?"

तो मान खाजवू लागला. "दोन पानं फक्त. नुसतं धुकं होतं गं. धुकं पडलं, दाट झालं, दिवे दिसेनात. त्यात काय ऐकायचंय?"

"वाचा ती पानं."

कपाळाला आठ्या घालून त्याने सुरुवात केली. धुकं पडलं, दाट झालं. आणि त्या धुक्यात थोरला तापलेल्या अंगाने उठला, भिंत चाचपत धाकट्याच्या खोलीपाशी गेला. खोली रिकामी. तसाच तो बंदराच्या वाटेला लागला, आणि पुढचं काही दिसत नव्हतं म्हणून कित्येक वर्षांनी भावाला नावाने हाका मारू लागला. वाचता वाचता नवऱ्याचा वेग मंदावला. पान संपलं तरी त्याने ते उलटलं नाही.

"आणि हे मी सोडलं होतं," तो हळूच म्हणाला.

त्यानंतर त्याने एक ओळही गाळली नाही. उलट ती स्वयंपाकात असली की तो गुपचूप पुढचं वाचून ठेवायचा. मग वाचून दाखवताना मध्येच पाणी प्यायला उठला, की ती समजून जायची, आता कुणीतरी दगावणार.

यथावकाश शस्त्रक्रिया झाली, नजर स्वच्छ झाली. तिने हौसेने वाचनालयातून कथासंग्रह आणला, तर तो नवऱ्यानेच आधी पळवला. पहिली कथा वाचून तो तणतणत बाहेर आला.

"माणूस स्टेशनवर उतरला आणि संपली? बायको भेटली की नाही, ते कोण सांगणार?"

"लघुकथा आहे ती. तेवढीच असते."

"काहीतरीच. दोन मजल्यांच्या मध्ये सोडून दिल्यासारखं वाटतंय मला."

पुढे कितीतरी दिवस तो माणूस त्याच्या डोक्यातून जाईना. एका सकाळी गालाला साबण लावलेला असतानाच तो स्वयंपाकघराच्या दारात आला.

"भेटली असणार. भेटायचं नसतं, तर तिने खिडकीत दिवा कशाला ठेवला असता?"

तिनेही ती कथा तोवर वाचली होती, आणि तिच्या मते त्या माणसाची बायको काही भेटली नव्हती. तिने गॅस बारीक केला.

"बसा," ती म्हणाली. "दिवा कोणी ठेवला होता, ते आधी नीट बघू."

त्या दिवशी दोघांनाही कामावर जायला उशीर झाला.